प्शेमिश्लमधलं आपलं माणूस

त्या शुक्रवारी जेवणं आटोपेपर्यंत फक्त खरं बोलायचं, असं शरीफभाईंनी ठरवलं होतं. असला आततायीपणा त्यांनी सत्तर वर्षांत कधी केला नव्हता.

नातीने, नूरैनने, तसं कबूल करून घेतलं होतं. "दादाजी, ओन्ली फॅक्ट्स. मसाला अजिबात नाही. प्रॉमिस?" असं म्हणत तिने महिनाभर रोज असरच्या नमाजानंतर म्हाताऱ्याची शिकवणी घेतली होती. पोलंड नावाच्या देशात, सान नावाच्या नदीवर, प्शेमिश्ल नावाचं, पुन्हा पुन्हा राज्यं बदललेलं किल्ल्यांचं शहर. तिथे जुन्या तटबंदीची डागडुजी शिकायला नूरैनला जागा मिळाली होती. दोन वर्षं, शिष्यवृत्तीसकट. रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पोरीच्या तोंडावर 'हो' लिहिलेलंच होतं, पण ते बोलून दाखवायचा हक्क घरात एकाच माणसाला होता, तिच्या बापाला, अम्मारला.

राज्यं काय पोलंडमध्येच बदलतात होय? मस्कतच्या हमरिया भागातल्या दोन खोल्यांत सगळ्यांचे व्हिसे शरीफभाईंच्या नावावर होते, तेव्हा राज्य त्यांचं. पण ते आठवडाभर रुस्ताकच्या किल्ल्यावर गवंडीकाम करत आणि चाव्या बायकोच्या, जोहराबीच्या, कमरेला. म्हणजे राज्य तिचंच. जोहराबी गेली तेव्हा थोरल्या लेकीने, मेहनाजने, तीन गल्ल्या पलीकडच्या आपल्या सासरी बसून दोन वर्षं फोनवर कारभार हाकला. मग धाकट्या लेकाला, अम्मारला, बढती मिळाली. त्याने शहराबाहेर माबेल्याला हे ऐसपैस घर घेतलं, बापाचा व्हिसासुद्धा आपल्या नावावर आणला आणि खलास. तेव्हापासून अम्मारने पापड मोडल्याशिवाय दस्तरखानावर दुसरा पापड मोडत नसे.

आज त्याने पापड मोडला, तो रागाने.

"हे शहर," त्याने फोनवरचा नकाशा सगळ्यांना फिरवून दाखवला. "ही युक्रेनची बॉर्डर. पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. इथून शेजारचं बरका गावसुद्धा त्याहून लांब पडतं. आणि बॉर्डरच्या पलीकडे लढाई चाललीय. बस, मला अजून काही बोलायचं नाही."

ज्याला काही बोलायचं नसतं तो माणूस सगळ्यात जास्त बोलतो, हे शरीफभाईंना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी आधी फौज मोजली. मेहनाज भावाच्या बाजूला मांडी घालून बसली होती, म्हणजे ती तिकडची. रामकृष्ण सुतार, गुहागरचा, एकोणपन्नास वर्षांपासूनचा दोस्त, दर शुक्रवारी मेहनाजच्या गाडीतून जेवायला यायचा. तो मच्छी संपेपर्यंत कोणाचाच नसायचा. राहिली सून, सफिया. ती गप्प वाढत होती. पण सुरमईचा डोक्याजवळचा मोठा तुकडा तिने नवऱ्याला डावलून लेकीच्या ताटात घातला, ते शरीफभाईंनी टिपलं. चला, एक शिलेदार फुटला.

"अम्मार," ते म्हणाले, "तू त्या शहराची आजची भीती बघितलीस. आता त्याचं वय बघ. हजार वर्षांत कोणकोण येऊन गेलं, ऐक तरी."

"अब्बा, गोष्ट नको."

"गोष्ट नाही. फॅक्ट्स."

रामकृष्णाने भाताचा घास हातातच थांबवला. शरीफच्या तोंडून हा शब्द तो पहिल्यांदा ऐकत होता.

"आधी पोलंडचे राजे आणि कीव्हकडचे राजपुत्र," शरीफभाईंनी बोटं मोजायला घेतली. "ह्यांनी घ्यायचं, त्यांनी परत घ्यायचं. मधे थोडी वर्षं हंगेरीवाले. मग पुन्हा पोलंड, चांगली चारेकशे वर्षं. मग आला ऑस्ट्रियाचा बादशहा. त्याने शहराभोवती किल्ल्यांचं कडंच घातलं. पंचेचाळीस किलोमीटरचा घेर."

"एका गावाला?" अम्मार म्हणाला.

"एका गावाला. मग पहिलं महायुद्ध लागलं. रशियनांनी वेढा दिला. आत लाखावर फौज, सतरा जातींची. हुकूम काढायचे ते पंधरा भाषांत."

"अब्बा, माझ्या घरी मी तीन भाषांत सांगते, तरी पंखा कोणी बंद करत नाही," मेहनाज म्हणाली.

"वेढा पडल्यावर टपाल जाणार कसं? तर पत्रं फुग्यांना बांधून सोडायचे. नंतर विमानातून."

"फुग्यांना!" रामकृष्णाला ठसकाच लागला. "शरीफ, रुस्ताकच्या बुरुजावर तू पतंगाला बांधून बकरी चढवली होतीस, ती हीच काय रे?"

"ती बकरी वेगळी."

"दर ईदला तिचं वजन वाढतं, म्हणून विचारलं."

सगळे हसले. अम्मारसुद्धा. शरीफभाईंच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला. खोटं बोलताना त्यांना कधी घाम फुटला नव्हता. बकरीच्या गोष्टीला हे लोक श्वास रोखून बसत, आणि आज एकेक गोष्ट घासूनपुसून, नूरैनकडे तपासून आणली होती, तर ही गत!

त्यांनी घाई केली आणि तिथेच चुकलं. "दाणापाणी संपलं तेव्हा त्यांनी घोडे खाल्ले. हजारोंनी."

"तौबा!" मेहनाजने ताट पुढे सारलं. "आणि तिथे पोरीला पाठवायचं?"

"फुफी, एकशे दहा वर्षं झाली त्याला," नूरैन म्हणाली.

"जिभेची सवय जाते का गो एकशे दहा वर्षांत?"

"हरायची वेळ आली," शरीफभाई आता खाली मान घालून, नमाज उरकावा तसे बोलत होते, "तेव्हा त्यांनी आपलेच किल्ले सुरुंग लावून उडवले. रशियन आत आले ते अडीच महिने टिकले. मग परत ऑस्ट्रिया, मग पोलंड. दुसऱ्या महायुद्धात तर नदीच बॉर्डर झाली. ह्या काठाला जर्मन, त्या काठाला रशियन. शहर एकच."

"म्हणजे बायकोने कोथिंबीर आणायला धाडलं तर नवरा पासपोर्ट घेऊन पूल ओलांडणार?" अम्मार म्हणाला.

"पूल ओलांडूनच देत नव्हते."

"वा! अब्बा, ह्या वेळेची तुमची सगळ्यात भारी आहे. लिहून ठेवा."

"अब्बू, सगळं ट्रू आहे," नूरैनचा आवाज चढला. "मी सांगितलं त्यांना. बुक्समध्ये आहे."

"तुला पण लागण झाली," मेहनाज म्हणाली.

सफियाने शरीफभाईंसमोर पाण्याचा पेला ठेवला. ठेवताना हळूच म्हणाली, "अब्बा, किल्ल्याचं सोडा. कामाचं सांगा."

सून शहाणी होती. शरीफभाईंनी पाणी प्यायलं आणि बोटं मोजणं सोडून दिलं.

"अम्मार, रुस्ताकला मी गिलावा खरवडायचो, तो तू पाहिलायस. एकाखाली एक थर. राज्य करून गेलेल्या कोणा इमामाचा, त्याच्या आधी कोणाचा, सगळ्यात खाली कोणाचा हे कोणालाच ठाऊक नाही. नवा राजा आला की आपला थर चढवायचा. खालचा कोणी काढत बसलं नाही. आमचं काम एवढंच, की टिचकी मारायची आणि कुठे पोकळ झालंय ते ऐकायचं. पोकळ तेवढं काढायचं, धड आहे त्याला हात लावायचा नाही. माझ्याबरोबरचे मोठे मोठे मिस्त्री, त्यांना ऐकू यायचं नाही. ही पोर नऊ वर्षांची होती. सुट्टीत आली, बुरुजाला टिचकी मारली आणि म्हणाली, दादाजी, इथे आत कोणी नाही. फोडलं, तर हातभर पोकळी."

"हे मात्र खरं आहे," रामकृष्ण म्हणाला. "मी दरवाजाच्या फळीला रंधा मारत होतो. पाहिलंय."

अम्मारने भाताची शितं ताटाच्या कडेला गोळा केली, परत पसरली. मग त्याचा आवाज खाली आला, आणि तोच शरीफभाईंना जास्त जड गेला.

"मला तिचं काम कळतं, अब्बा. मी अडाणी नाही. पण तिथे बर्फ पडतं. ही पडली आजारी, दोन दिवस कॉलेजला गेली नाही, तर दार कोण वाजवणार? कोणाला फोन करू मी इथून? त्या पंधरा भाषांतल्या कुठल्या भाषेत?"

  नूरैन सुरमईचा काटा ताटात उभा करायला बघत होती.

"तेच मी मघापासून म्हणते," मेहनाज म्हणाली. "ते नाव घेताना शिंक आल्यासारखं होतं मला, पण गाव कुठलंही असू दे. तिथे आपलं माणूस कोण आहे?"

"आहे ना!" शरीफभाई म्हणाले.

शब्द निघून गेला होता. चाळीस दिवसांचा उपवास सुटावा तशी जीभ सुटली.

"हर्णैचे इस्माईलभाई. मसाल्याचं दुकान आहे त्यांचं तिथे. नदीच्या ह्या काठाला. बायको तिकडचीच, पण घावणं करायला शिकली."

दस्तरखानावरचे सगळे पुढे झुकले.  बकरी बुरुजावर चढताना झुकायचे, तसेच.

"हर्णैचे इस्माईल?" मेहनाजने कपाळावर बोट ठेवलं. "म्हणजे झुलेखाच्या नणंदेचे दीर तर नव्हेत? ते म्हणे कुठेतरी थंडीच्या मुलखात गेले होते."

"तेच असतील," शरीफभाई म्हणाले. नातं लावायचे कष्टसुद्धा घ्यावे लागले नाहीत.

"मग आधी नाही का सांगायचं! उगाच घोडे खात बसलात. अम्मार, ऐक माझं, झुलेखाची माणसं फार चांगली. एकदा आजारी पडले होते तेव्हा..." आणि मेहनाजची अख्खी पलटण नदी ओलांडून नूरैनच्या काठाला आली. तिने ताटसुद्धा पुन्हा पुढे ओढलं.

अम्मारच्या कपाळावरची आठी सैल झाली. हजार वर्षांचा खराखुरा इतिहास जे करू शकला नाही, ते एका मसाल्याच्या दुकानाने केलं होतं. शरीफभाईंना लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्यांना भूक लागली. त्यांनी सफियाला आणखी भात मागितला.

"नंबर द्या त्यांचा," अम्मार म्हणाला. "आत्ता बोलतो."

"आत्ता? आज शुक्रवार. दुकान बंद असेल."

"पोलंडमध्ये शुक्रवारी दुकान बंद?"

"मुसलमानाचं दुकान आहे."

रामकृष्णाने छताकडे पाहिलं. तो असं छताकडे पाहायला लागला की शरीफभाई ओळखायचे, आता थाप उघडी पडणार.

"घरचा नंबर द्या मग."

"तो... तो वहीत आहे. वही हमरियाला, रामकृष्णाच्या खोलीवर राहिली."

"मी संध्याकाळी हमरियालाच परततेय," मेहनाज उत्साहाने म्हणाली. "कुठल्या कपाटात?"

"अब्बू," नूरैन म्हणाली. काटा ताटात आडवा पडला. "तिथे कोणी नाही. इस्माईलभाई, दुकान, काहीच नाही. दादाजी मला हेल्प करत होते."

शरीफभाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू जिंकलेला किल्ला आपल्याच माणसाने आतून उघडून दिला होता. पण पोर रडत नव्हती. बापाकडे सरळ बघत होती.

"खोटं सांगून नाही जायचं मला. तिथे आपलं कोणी नाही. मी पहिली असेन. दॅट्स द ट्रुथ."

अम्मार उठला नाही. उठला असता तर बरं झालं असतं. तो बसूनच म्हणाला, "मग विषय संपला. अब्बा, तुमच्यावर मी चिडत नाही, तुमचा स्वभाव आहे. पण एक लक्षात घ्या. तुम्ही एकवीस वर्षांचे मस्कतला आलात ते कोणाच्या भरवशावर? केळशीचे दाऊदचाचा इथे होते म्हणून दादीने, तुमच्या अम्मीने, तुम्हाला बोटीत बसू दिलं. पुरुष असून. आणि मी मुलीला कोणाच्या भरवशावर सोडू?"

"अल्ला त्यांना जन्नत देवो," मेहनाजने पदर डोक्यावर ओढला. "कधी बघितलं नाही मी त्यांना, पण शबे-बरातला गेलेल्यांसाठी हलवा करते, त्यातला पहिला दाऊदचाचांच्या नावाने ठेवते. दादीने शिकवलं होतं. म्हणायची, माझ्या लेकराला परमुलखात ज्याने भाकर दिली, त्याची फातिहा आधी, मग माझी."

दाऊदचाचांचं नाव ह्या घरात असं घेतलं जायचं. त्यांची शिस्त, त्यांची दाढी, शरीफभाईंना त्यांनी मारलेली एक थोबाडीत, सगळं तीन पिढ्यांना पाठ होतं.

शरीफभाईंनी रामकृष्णाकडे पाहिलं. रामकृष्णाने अगदी बारीक मान हलवली. नको रे शरीफ. एकोणपन्नास वर्षं झाकलंय.

इतक्या गोष्टी रचल्या म्हाताऱ्याने, पण त्यांतल्या बहुतेक हवेतल्या, बकरीसारख्या. दाऊदचाचा ही एकच अशी होती, की जिच्यावर घर उभं होतं. तिला टिचकी मारायची म्हणजे आईच्या नावालाच टिचकी. वर मेहनाज बसली होती, पदर घेऊन.

आणि समोर नूरैन. रविवार दोन दिवसांवर.

"दाऊदचाचा नव्हते," शरीफभाई म्हणाले.

"नव्हते म्हणजे? तेव्हा गावाला गेले होते?"

"नव्हतेच. कधीच. केळशीला त्या नावाचं कोणी नव्हतं. अम्मी सोडत नव्हती. म्हणत होती, तिथे आपलं माणूस कोण आहे? मी म्हटलं, आहे ना."



"मग पत्रं?" मेहनाजने विचारलं. "दर पत्राच्या शेवटी त्यांचा सलाम असायचा. लहानपणी गावाला दादी वाचून घ्यायची माझ्याकडून."

"मीच लिहायचो. अम्मी त्यांच्यासाठी आमसुलं पाठवायची, मिरगुंडं पाठवायची..."

"ती मी खाल्ली," रामकृष्ण म्हणाला. त्याने हात जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखा होता. "अर्धी मी, अर्धी ह्याने. मेहनाज, मी सांगतो तुला. बोटीतून मत्रहला उतरलो दोघं, तर बंदरावर काळं कुत्रं ओळखीचं नाही. अकरा दिवस एका बलुची माणसाच्या गोदामात पोत्यांवर निजलो. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. हा तापाने फणफणला तेव्हा मी दार वाजवायला गेलो, आणि दाराबाहेर तोच उभा, हातात चहा. त्याचं नावसुद्धा धड कळलं नाही आम्हाला."

"पुढे अम्मी म्हणाली, दाऊदभाईंना एकदा भेटायचंय, त्यांना घेऊन ये," शरीफभाई म्हणाले. "मग काय करणार? मी त्यांना मारलं. पत्रातून. ती तीन दिवस जेवली नाही."

मेहनाजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती रडत होती की चिडली होती, तिचं तिलाच उमगत नसावं. "मग मी एवढी वर्षं हलवा पोचवत होते कोणाला? तुपातला हलवा, अब्बा!"

 उत्तर सफियाने दिलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतकं बोलली.

"आपा, त्या गोदामवाल्याला पोचला असेल. त्याच्या नावाने तरी कोण ठेवत होतं?"

मेहनाजने नाक पुसलं. विचार केला. "त्याला गोड चालत असेल ना?" ती रामकृष्णाला म्हणाली.

"चहात चार चमचे घालायचा."

अम्मार बापाकडे बघत होता. लहानपणी हमरियातल्या खोलीत तो झोपायचा, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना कायम अनोळखी माणसं झोपलेली असायची. दाभोळचा कोणी, दापोलीचा कोणी, कधी गुहागरचा रामकृष्णाचा भाचा. ट्रंक घेऊन यायची, चिठ्ठीवर एकच पत्ता: शरीफभाई, हमरिया. जोहराबी कटकट करायची आणि पातेल्यात पाणी वाढवायची. कोणी विचारायचं नाही, हे सगळे इथेच का येतात.

"म्हणजे तुम्हीच पहिले," तो म्हणाला.

"रामा आणि मी. बोटीच्या शिडीवरून त्याचा पाय आधी पडला, पण तो हे मान्य करतो की ट्रंक माझी पुढे होती."

"मी मान्य करत नाही," रामकृष्ण म्हणाला.

अम्मारने हसू दाबलं. मग लेकीकडे वळला आणि एकदम बापाच्या, म्हणजे राज्यकर्त्याच्या, आवाजात म्हणाला, "सोडायला मी येणार. राहायची जागा मी बघणार. शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटणार. भाषा येत नसली तरी भेटणार. सफिया, हिच्यासाठी जाड रजई... नको, तिथे मिळत असेल. मिळते का गं?"

"मिळते, अब्बू," नूरैन म्हणाली.  मराठी आधीच अडखळायची तिची, आता इंग्रजीही अडकलं.

"आणि तिथला नंबर मिळाला की पहिला मला द्यायचा. मलाच नाही, सगळ्यांना. कोणाची मुलंबाळं निघाली तिकडे, तर हातात चिठ्ठी द्यायला हवी."

"यल्ला, चला," शरीफभाई म्हणाले, आणि लगेच गप्प बसले. ह्या प्रसंगावर आणखी एखादा थर चढवावा अशी त्यांना फार इच्छा झाली होती. निदान गोदामातल्या पोत्यांत मिरे होते, आणि त्यांच्या वासानेच ताप उतरला, एवढं तरी. पण आज सगळे त्यांच्याकडे खरं बोललेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होते, आणि ते त्यांना चावत होतं.

सफिया आणि नूरैन ताटं उचलून आत गेल्या. पाठोपाठ पाण्याचा आवाज यायला लागला. रामकृष्ण सोफ्यावर आडवा झाला. मेहनाज मात्र फोन घेऊन खिडकीशी गेली होती. शुक्रवारी दुपारी ती हमरियातल्या मैत्रिणीला, खुदेजाला, फोन करत असे. खुदेजाची लेक बारावीला होती आणि तिला कुठे पाठवावं ह्यावरून त्या घरातही रोज दस्तरखानावर पापड मोडले जात होते.

"अगो, पोलंड, पोलंड," मेहनाज सांगत होती. "शहराचं नाव मला घेता येत नाही, तुला लिहून पाठवते. किल्ल्यांचं शहर आहे. हजार वर्षांचं. लोक फार चांगले. थंडी आहे थोडी... अगो, घाबरतेस काय वेड्यासारखी? आपलं माणूस आहे तिथे!"

शरीफभाईंनी कान टवकारले.

"आहे ना! आमची नूरैन आहे. कधीपासून म्हणजे काय, आहे. घर आहे तिचं नदीकाठाला. ह्या काठाला. सगळे ओळखतात तिला तिथे. तू बिनधास्त धाड पोरीला."

स्वयंपाकघरातून नूरैनची हाक आली, "फुफी, मच्छीचं पातेलं घासू की उरलेलं तुम्ही नेताय?"

मेहनाजने फोनवर हात ठेवला, आत ओरडून सांगितलं, "नेते, डब्यात भर!" आणि हात काढून पुन्हा खुदेजाला म्हणाली, "हां, तर काय सांगत होते मी? तिकडचे लोक तिला फार मानतात."